नळीच्या तोंडाशी जाणारा हात

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे याने रायफल नेमबाजीत कांस्यपदक पटकावले. त्याच्याकडे पाहून एखाद्या मुलीने एअर रायफल मागितली, तर आनंदच आहे. पण छर्ऱ्याचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ नळीच्या तोंडावर बसवताना हात नेमका त्या तोंडापुढे जातो, आणि बंदूक रिकामी असल्याची खात्री तेव्हाच सर्वांत जास्त हवी. म्हणून हे यंत्र लावणे, काढणे आणि सरळ करणे हे प्रशिक्षकाच्या देखत, ब्रीच (छर्रा भरण्याची जागा) उघडी ठेवून, नळीत सुरक्षा झेंडी घालून आणि तोंड लक्ष्याकडेच ठेवून व्हावे. यंत्र जरा तिरके बसले, तर छर्रा त्यालाच आपटतो. उडालेला तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. चष्मा हवाच.

‘छर्ऱ्याची बंदूक म्हणजे खेळणे’, असे काही पालक म्हणतात. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 170 मीटर वेगाने सुटला, की त्यात सुमारे सात ज्यूल ऊर्जा असते. परवान्यासाठीची 20 ज्यूलची मर्यादा बरीच दूर आहे, हे खरे. पण ती मर्यादा कागदपत्रांची आहे, डोळा त्याहून कितीतरी कमी ऊर्जेत जातो. एवढ्या तपासणीने सराव रेंगाळतो, ही तक्रार मला पटत नाही. वेग काही रोज मोजावा लागत नाही, आणि झेंडी घालायला काही सेकंद पुरतात. दाट वस्तीत, घराच्या गॅलरीत तर हे यंत्र लावूच नये. तिथे ना छर्रा अडवणारा बॅकस्टॉप, ना थांबवणारा कोणी.