तू मूळचा कुठला?

मागच्या शनिवारी वाकडला एका मित्रासाठी भाड्याचा फ्लॅट बघायला गेलो होतो. मित्र माझ्याच टीममधला, मूळचा मणिपूरचा. नऊ वर्षं पिंपरी-चिंचवडमध्ये राहतोय, मराठी बोलतो (टेम्पोवाल्यांकडून शिकलेलं, त्यामुळे जरा तिखट). मालक काकांनी त्याला न्याहाळलं आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हे चायनीज नाहीत ना? नाही म्हणजे, कमिटी विचारते हो."

मी पटकन म्हणालो, "नाही हो काका, आधार कार्ड दाखवतो ना तो!" आणि मग जिना उतरताना माझी मलाच लाज वाटली. माझं आधार कार्ड कुणी मागितलं नव्हतं. वास्तविक मी लातूरचा, म्हणजे इथे उपराच!

तो मात्र हसला. म्हणाला, "अरे सवय आहे." २०१२ च्या ऑगस्टमध्ये आसाममधल्या हिंसाचारानंतर अफवांचे एसएमएस फिरले, पुण्यात ईशान्येकडच्या मुलांवर हल्ले झाले आणि हजारो जण मिळेल त्या गाडीने गुवाहाटीकडे निघाले. सरकारने तेव्हा दिवसाला पाचच एसएमएसची मर्यादा घातली होती, आठवतंय? त्या वेळी त्याचा मोठा भाऊ पुण्यात शिकत होता. तो गेला तो परत आलाच नाही.

२०१४ मध्ये दिल्लीत नीडो तानियाचा जीव गेला. मग बेझबरुआ समिती नेमली गेली, त्याच वर्षी अहवालही आला. वंशावरून हिणवणाऱ्यांसाठी कायद्यात स्वतंत्र तरतूद करा, असं समितीने सुचवलं होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, भाषा वगैरे कारणांवरून खून केला तर त्यासाठी तिच्यात कलम आहे. समितीने सुचवलेली कलमं मात्र आली नाहीत. म्हणजे प्रकरण खुनापर्यंत गेलं तर कायदा आहे, रोजच्या "ए चिंकी" चं काय करायचं ते ज्याचं त्याने बघावं.

असो. कायदा येईल तेव्हा येईल. मला सध्या मतदार यादीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. राजकारणी मंडळी हिशोबाला पक्की असतात, यादीत नाव नसलेल्या माणसाचं गटार तुंबलं काय नि वाहिलं काय! चाकणकडे कुरुळी, निघोजेत जाऊन बघा. दहा बाय दहाच्या खोल्या, ओडिशा, झारखंड, आसामची पोरं, शिफ्ट संपली की पाण्यासाठी रांग. ही पोरं ग्रामसभेत बोलत का नाहीत? कारण घटनेनुसार गावच्या मतदार यादीत नाव असलेले लोक म्हणजेच ग्रामसभा. गाव अर्धं त्यांच्या भाड्यावर चालतं, पण ती त्या गावाची कुणीच नाहीत.

"त्यांनी त्यांच्या गावी मत द्यावं" असं म्हणणारे भेटतात. द्यावं की! पण सुट्टी कोण देणार? निवडणूक आयोगाने २०२२ च्या शेवटी स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली होती, एका केंद्रावरून ७२ मतदारसंघांचं मतदान! आमच्यासारख्यांना ऐकायला भारी वाटतं, पण बहुतेक विरोधी पक्षांनी विरोध केला आणि विषय तिथेच थांबला. आणि खरं सांगू, गावाकडचा आमदार निवडून चाकणच्या नळाला पाणी येत नाही.

आमची महापालिका मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं प्रशासकाच्या हाती होती. १५ जानेवारी २०२६ ला अखेर मतदान झालं. त्या संध्याकाळी मित्राने शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला. त्याने आधीच नाव इकडे हलवून घेतलं होतं. चार नगरसेवकांसाठी चार बटणं दाबताना गोंधळ उडाला म्हणे. खाली त्याने विचारलं होतं, "तुझा?"

माझं नाव अजून लातूरच्या यादीत आहे. तेरा वर्षं झाली इथे येऊन. १ जुलै २०२५ ची यादी धरणार होते, त्याआधी अर्ज करायला हवा होता, पण रिलीज होतं, मग सुट्टी होती, मग विसरलो. मला इथे कुणी "तू इथला का?" असं विचारत नाही, म्हणून मला घाईच नव्हती.

आठ नंबरचा फॉर्म काल रात्री उघडलाय. पत्त्याचा पुरावा मागतोय. आमच्या घरमालकांनी भाडेकरार रजिस्टर केलाय की नाही, ते आज संध्याकाळी विचारतो.

आणि हो, मित्राला फ्लॅट अजून मिळालेला नाही. काका म्हणाले, कमिटीची मीटिंग रविवारी आहे.