रात्रीचा रस्ता आणि डच रडार

दिवाळी किंवा खरसुंडीची यात्रा जवळ आली की आटपाडी तालुक्यातल्या रस्त्यांवर केएल, टीएन, यूपी पासिंगच्या गाड्या दिसू लागतात. गाड्या परमुलखातल्या, आतली माणसं मात्र इथलीच. गलाईवाली. जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याचा हा धंदा. दुष्काळानं हुसकलेली खानापूर-आटपाडीची माणसं त्याच्या जोरावर केरळ-तमिळनाडूपासून थेट आसाम-नेपाळपर्यंत पसरली. सणासुदीला तीच हजार-दीड हजार किलोमीटर गाडी हाणत गावाकडे येतात. यातला बराचसा रस्ता कापला जातो तो रात्रीच.

या रात्रीचं गाणं कोणतं? बैलगाडीची गाणी आपल्याकडे आहेत. मामाच्या गावाला नेणाऱ्या आगीनगाडीचं गाणं तर याच तालुक्यातल्या शेटफळे गावी जन्मलेल्या गदिमांनी लिहिलं, तालुक्यातून रेल्वे जात नसताना! पण रात्रभर एकट्यानं मोटार चालवणाऱ्याचं मराठी गाणं काही चटकन आठवत नाही. पेनड्राइव्हवर प्रल्हाद शिंदे असतात, आनंद शिंदे असतात, जुनी हिंदी गाणी असतात. झोप उडवायला ती झकास. पण ती गाडीत वाजणारी गाणी, गाडी चालवणाऱ्याची नव्हेत.

तसं गाणं केलं ते नेदरलँड्समधल्या हेग शहरातल्या ‘गोल्डन इअरिंग’ या बँडनं. ‘रडार लव्ह’, साल 1973, अल्बम ‘मूनटॅन’. गंमत अशी की त्यांचा देश उत्तर-दक्षिण जेमतेम तीनशे किलोमीटर. तिथं रात्रभर गाडी दामटायची म्हटलं तर उजाडायच्या आत समुद्र तरी आडवा येणार नाहीतर जर्मनीची हद्द. लांबच लांब रस्ते या मंडळींनी पाहिले ते अमेरिकेत. 1969पासून ती तिकडे दौरे करू लागली होती.

बँड सुरू झाला 1961मध्ये. जॉर्ज कोइमन्स तेव्हा 13 वर्षांचा आणि रिनस गेरिटसन 15चा, म्हणजे आपल्याकडची आठवी-दहावीतली पोरं. पुढे गायक म्हणून बॅरी हे आला आणि 1970मध्ये ड्रमवर सीझर झाउडरवाइक बसला. यातला बॅरी हे जन्मला फैजाबादला, 1948 साली. तोच जिल्हा आज अयोध्या या नावानं ओळखला जातो. शेटफळ्याच्या माणसानं पुण्यात बसून 1955-56मध्ये ‘गीतरामायण’ लिहून अयोध्या घरोघरी पोचवली, आणि फैजाबादला जन्मलेल्या पोरानं हेगमधून जगभरच्या ड्रायव्हरांना गाणं दिलं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध काहीही नाही, पण आटपाडीकरानं हा योगायोग वाया का घालवावा?

गाण्याची गोष्ट सोपी आहे. एकजण रात्रीचा गाडी चालवतोय. दमलाय, स्टेअरिंगवरचे हात घामेजलेत, रेडिओवर जुनं गाणं लागलंय. दूर असलेल्या बाईला तो हवा आहे आणि ते त्याला फोनाशिवायच कळतं, कुठल्याशा अदृश्य रडारवर. म्हणून तो पाय दाबतो. 1973मध्ये मोबाइल नव्हता, ही कल्पना तेव्हा शोभून गेली. ट्रंक कॉल लावून तासन्‌तास ताटकळलेल्या, मनीऑर्डरच्या कागदावरच्या दोन ओळींवर महिना काढलेल्या गलाई कुटुंबांतल्या जुन्या माणसांना ती आजही पटावी.

पण गाणं टिकलं ते गोष्टीमुळे नव्हे, बासमुळे. सुरुवातीच्या गडगडाटानंतर बाकीची वाद्यं मागे सरतात आणि गेरिटसनची बास गिटार एकच धून घोळवू लागते. तिच्याखाली ड्रमचा ठेका न चुकता चालू. चौथ्या गिअरमध्ये इंजिन एका लयीत लागलं की पायाला जो थरार जाणवतो, तो हुबेहूब इथं कानाला जाणवतो. मध्येच ट्रम्पेटसारखी तोंडानं फुंकायची वाद्यं अंगावर येतात, समोरून अप्पर लावलेला ट्रक यावा तशी. कार्यक्रमांत तर झाउडरवाइक वाजवता वाजवता अख्ख्या ड्रमसेटवरून उडी मारायचा. ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत हे गाणं सातव्या क्रमांकापर्यंत गेलं, अमेरिकेत तेराव्या. ‘व्हाइट लायन’ या बँडनं 1989मध्ये ते पुन्हा गायलं, 2017च्या ‘बेबी ड्रायव्हर’ चित्रपटातही ते आहे. मूळची सर मात्र ‘व्हाइट लायन’च्या अवताराला नाही.

बँडमध्ये अधूनमधून आणखी माणसं आली-गेली, पण हे चौघे अर्धशतक एकत्र राहिले. कोइमन्सला एएलएस हा मज्जातंतूंचा असाध्य आजार झाल्याचं कळल्यावर 2021मध्ये त्यांनी बँड थांबवला. त्याच्या जागी दुसरा गिटारवाला घेऊन दुकान चालू ठेवणं सहज जमलं असतं. ते त्यांनी केलं नाही, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायलाच हवं.

एक गोष्ट नाचणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. शेवटाकडे बातम्या देणारा निवेदक येतो आणि अशा रडारवाल्या प्रियकरांपैकी आणखी एक गेल्याचं सूचित होतं. गाडीवाला घरी पोचला की नाही, हे गाणं स्पष्ट सांगत नाही. बऱ्याच श्रोत्यांच्या मते तो पोचलाच नाही.

तेव्हा गलाईवाल्या मंडळींनी हे गाणं पेनड्राइव्हवर जरूर घ्यावं. घ्यायचं तर अल्बममधलं साडेसहा मिनिटांचं घ्यावं, रेडिओसाठी कापलेलं नको. आणि पहाटे तीनच्या सुमारास डोळे जड झाले तर आवाज वाढवू नये. गाडी धाब्यावर लावून तासभर झोपावं आणि घरी फोन करून उशीर होईल म्हणून कळवावं.