सायमनसाहेब, आमची कबुली कुणी घेतली?

दोस्तहो, सध्या जो उठतो तो सांगतो, आता मशीन निर्णय घेणार. मशीनला नातं नाही, गोत नाही, मशीन कुणाची बाजू घेत नाही. मॅनेजमेंटचे प्रोफेसर हे सांगतात, ठेकेदार सांगतो, आणि आपल्यातले शिकलेलेही माना डोलावतात. म्हणून जरा या धंद्याच्या मुळाशी जाऊ.

मूळपुरुषांतला एक हर्बर्ट सायमन. १९४९ साली अमेरिकेत पिट्सबर्गला, कार्नेगी इन्स्टिट्यूटच्या नव्या मॅनेजमेंट शाळेत मास्तर म्हणून आला. माणूस ऐरागैरा नव्हता. अ‍ॅलन न्यूवेल आणि क्लिफ शॉ यांना घेऊन त्यानं १९५५-५६ मध्ये लॉजिक थिअरिस्ट नावाचा प्रोग्रॅम केला. रसेल-व्हाइटहेडच्या ग्रंथातली ५२ प्रमेयं त्याच्यापुढं टाकली, त्यानं ३८ सोडवली. १९७८ साली अर्थशास्त्राचं नोबेल. कशाबद्दल? संस्थांमध्ये निर्णय कसे होतात त्याच्या अभ्यासाबद्दल.

एक काम त्यानं झकास केलं. अर्थशास्त्राच्या पुस्तकात एक सर्वज्ञ इसम बसवलेला असतो. त्याला सगळे भाव ठाऊक, सगळ्या वाटा ठाऊक, आणि सर्वात फायद्याची वाट तो बिनचूक उचलतो. सायमननं या इसमाचं धोतर फेडलं. म्हणाला, माणसाला थोडं कळतं, वेळ थोडा असतो; तो शोधत जातो आणि चालण्यासारखं काही हाताला लागलं की थांबतो. आमच्या नाक्यावरच्या कुठल्याही हमालानं हे विडी न विझवता सांगितलं असतं. त्याला नोबेल मिळालं नसतं, ते सोडा.

खरी गोम त्याच्या १९५१ च्या एका निबंधात आहे. माल विकणं आणि नोकरी धरणं यात फरक काय? माल विकताना काय द्यायचं ते आधी ठरतं. नोकरीत तसं नाही. कामगार पगार ठरवून घेतो आणि एका हद्दीपर्यंत मालक सांगेल ते करायला कबूल होतो. त्या हद्दीतलं नेमकं कुठलं काम, ते मालक मागाहून ठरवतो. म्हणजे आपल्याला वाटतं आपण घाम विकतो. विकतो ती मान! इतकं उघड लिहिलं याबद्दल सायमनचे आभारच मानले पाहिजेत. पण कामगार कबूल का होतो? तर म्हणे हद्दीतलं कुठलंही काम आलं तरी त्याला फारसा फरक पडत नाही, किंवा पडला तर मालक भरपाई देतो. फारसा! मे महिन्यात जहाजाच्या पोटात उतरणं आणि शेडच्या सावलीत नग मोजणं, यात फारसा फरक नाही! साहेब, एक पाळी आमच्या टोळीत काढली असती तर तो शब्द स्वतःच्या हातानं खोडला असता. आणि ज्याची चूल उद्याच्या हजेरीवर पेटते त्याची हद्द आखतो कोण? तो स्वतः?

१९६५ साली हाच सायमन लिहून गेला की वीस वर्षांत मशीन माणसाचं कुठलंही काम करील. १९८५ उलटून जमाना झाला. पाठीला पाठ लागून आम्ही अजून आहोतच. पण त्याला हसू नका. मशीननं पाठ घेतली नाही, तिनं मुकादम घेतला.

आमच्या टोळीतल्या एकाची पाळी सलग चार दिवस आली नाही. ठेकेदाराचा माणूस मोबाईल पुढं करून म्हणतो, मी काय करू, सिस्टीम देत नाही. मुकादम हलकट होता, मान्य. पण मुकादमाला शिवी घालता यायची, वेळ पडली तर कॉलर धरता यायची. सिस्टीमची कॉलर कुठं असते?

आणि बाजार? १९९१ साली सायमननं गंमत केली. म्हणाला, मंगळावरून कुणी दुर्बिणीतून पाहिलं, आणि संस्था हिरव्या दिसत असतील, बाजारातले व्यवहार लाल रेघा, तर पृथ्वी त्याला हिरवीच हिरवी दिसेल. बाजार बाजार म्हणता ते बहुतेक हुकुमाचं राज्य आहे. आज अ‍ॅपवरच्या पोरांना पार्टनर म्हणतात. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं तर गिग कामगार हा नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेरचा असं लिहूनच टाकलं. कागदावर लाल रेघ, अंगावर हिरवा पट्टा! कुठं जायचं, किती मिनिटांत जायचं, कधी आयडी बंद, सगळं मशीन सांगणार. सायमनच्या निबंधात मालकाला निदान पगार तरी बांधून द्यावा लागत होता.

राहिला पक्षपात. सायमनच्या मशीनला नियम लिहून द्यावे लागत. आजचं मशीन जुन्या फायली वाचून शिकतं. अ‍ॅमेझॉननं नोकरभरतीसाठी असं एक बनवलं, ते दहा वर्षांचे जुने अर्ज वाचून बायकांना खाली ढकलायला शिकलं. २०१८ साली हे बाहेर आलं. आता आपल्याकडच्या फायली आठवा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली छापून दाखवलं, शिक्षण तेच, अर्ज तोच, फक्त आडनाव दलित, की खाजगी कंपनीचं बोलावणं कमी येतं. ह्या फायली मशीनला चारा आणि मग सांगा, त्याला जात कळत नाही! जात कळायची गरजच काय? वस्तीचा पिन कोड पुरतो.

तेव्हा गोदीत असा, गोडाऊनात असा, नाहीतर बाईकवर. पुढच्या वेळी सिस्टीम देत नाही असं कुणी म्हणालं की कागद मागा. सिस्टीमनं काय मोजलं, काय मोजलं नाही, कुणी सांगितल्यावरून मोजलं. खाली माणसाची सही पाहिजे. पूर्ण नावानिशी.