वाक्यातला कर्ता

'पूर्ण वाक्यात उत्तर लिहा' ही सूचना आपल्या बहुतेक प्रश्नपत्रिकांत असते. मुले ती इमानाने पाळतात, म्हणजे प्रश्नातलेच शब्द उचलून उत्तराला जोडतात आणि एक गुण मिळवतात. व्याकरणाच्या तासाला उद्देश्याखाली एक रेघ, विधेयाखाली दोन रेघा ओढण्याचा सराव होतो. ज्याच्याविषयी बोलायचे ते उद्देश्य, त्याच्याविषयी जे बोलायचे ते विधेय, एवढी व्याख्या पाठ झाली की वही मिटते. माझे म्हणणे असे की ही वही इतिहासाच्या तासाला पुन्हा उघडली पाहिजे, आणि वसतिगृहातही.

आधी वसतिगृहाचे. नव्याने आलेल्या, रडणाऱ्या मुलाला 'काय झाले?' असे विचारले, तर बहुधा एकच शब्द येतो : 'मारलं.' व्याकरण म्हणेल, बाकीचे अध्याहृत आहे. परंतु कोणी मारले, हे जोवर त्याच्या तोंडून येत नाही, तोवर त्याला न्याय देणे गृहपालांच्या हाती नसते. 'मले त्या पोरानं मारलं' हे पूर्ण वाक्य आहे. (प्रमाणभाषेचा आग्रह धरणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की वऱ्हाडीतले वाक्यही वाक्यच असते, तथागतांनी आपला उपदेश ज्याच्या त्याच्या भाषेत शिकण्याची मोकळीक भिक्खूंना दिली होती.) ज्यांच्या पणजोबांना पाटलाच्या वाड्यासमोर मान खाली घालून एका शब्दात उत्तर द्यावे लागे, त्यांच्या पणतवाने मान वर करून पूर्ण वाक्य बोलावे, याला माझ्या लेखी फार मोल आहे.

इतिहासाच्या वहीत अडचण निराळी आहे. तिथे वाक्य पूर्ण असते, पण करणारा नसतो. 'अस्पृश्यांना तळ्याचे पाणी नाकारले जात असे.' रेघा ओढून पाहा : 'पाणी' हे उद्देश्य सापडते, 'नाकारले जात असे' हे विधेय सापडते, पूर्ण गुण मिळतात. नाकारणारा कोण, हे मात्र वाक्य सांगत नाही. कर्त्याचा उल्लेख टाळायचा असेल तेव्हा अशी रचना सोयीची, असे आपली व्याकरणाची पुस्तकेच सांगतात. कायद्याच्या भाषेत, सभेच्या ठरावात तिचे काम आहे. बारा वर्षांच्या मुलाच्या वहीत ती कोणाची सोय पाहते, याचा विचार शिक्षकाने करावा.

म्हणून 'महाडला सत्याग्रह झाला' हे वाक्य मी वर्गात स्वीकारत नाही. पाऊस होतो तसा सत्याग्रह होत नसतो. १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबईच्या विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. गावातल्या सनातन्यांनी तो अमलात येऊ दिला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला आलेले हजारो लोक तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर जमावाने परिषदेच्या लोकांवर हल्ला केला आणि सनातन्यांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. या प्रत्येक वाक्यात कर्ता आहे.

कर्ता लिहायला लावला की मुलांच्या मनात द्वेष भरतो, असा आक्षेप मी ऐकला आहे, कधी आपल्याच लोकांकडून. मला नेमके उलटे दिसते. कर्ता गाळला की ती रिकामी जागा मूल स्वतः भरते, आणि फार मोठ्या शब्दाने भरते : 'त्यांनी', 'सगळ्यांनी'. कर्ता लिहिला की हिशेब चोख होतो. महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस बाबासाहेबांच्या बाजूने उभे राहिले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. 'मनुस्मृती जाळण्यात आली' एवढेच लिहिणारे मूल बाबासाहेबांनाही गाळते आणि सहस्रबुद्ध्यांनाही.

१८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे हिचा निबंध छापून आला, तेव्हा ती फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी, सुमारे चौदा वर्षांची मुलगी होती. मांग-महारांचे दुःख तिने मांडले ते दुःख देणाऱ्यांसकट. आपल्या आठवी-नववीच्या मुली त्याच वयाच्या आहेत. त्यांच्यापैकी कोणाला उद्या तक्रार अर्ज लिहावा लागेल. 'शिवीगाळ झाली' एवढेच लिहिलेला अर्ज दप्तरी दाखल व्हायला वेळ लागत नाही. कोणी केली, कोणाला केली, कोठे, कोणासमोर, हे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली सांगावे लागते.

पालकांना एक विनंती आहे. सुट्टीच्या दिवशी फोनवर मूल 'बरं आहे', 'जेवलो' एवढे सांगून मोकळे होते. फोन लगेच ठेवू नये. आज जेवण कोणी वाढले, खेळायला कोणाबरोबर गेला होतास, भांडण कोणी काढले, असे विचारावे, आणि उत्तर पूर्ण येईपर्यंत थांबावे.