वादळानंतर समुद्र काय परत करतो?

विंचूरहून समुद्र दिसत नाही. कांद्याची आवक, द्राक्षबागेची छाटणी आणि कालव्याचे आवर्तन यांवर ज्या परिसराचे वर्ष उभे राहते, तेथील वाचकांपुढे समुद्रात तरंगणाऱ्या मलब्याचा विषय का मांडावा, असा प्रश्न कोणी केल्यास आम्हांला नवल वाटणार नाही. तरीही तो मांडणे आम्हांला अगत्याचे वाटते.

११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंपानंतर त्सुनामी आली. तिच्याबरोबर सुमारे ५० लाख टन मलबा समुद्रात गेला, असा जपान सरकारचा अंदाज होता. त्यातील सुमारे ७० टक्के किनाऱ्याजवळच बुडाला आणि उरलेला १५ लाख टन प्रशांत महासागरात तरंगत राहिला. जी वस्तू पाण्यावर उंच राहते, तिला वारा ढकलतो आणि ती लवकर पोहोचते; जी निम्मी बुडालेली असते, ती केवळ प्रवाहाच्या गतीने जाते. म्हणून नौका आणि तरंगते पिंप आधी पलीकडे लागले, घरांची लाकडे वर्षानुवर्षे येत राहिली. एक निर्मनुष्य मासेमारी नौका एप्रिल २०१२ मध्ये अलास्काच्या आखातात अमेरिकेच्या तटरक्षक दलाने तोफा डागून बुडविली. त्याच वर्षी जूनमध्ये मिसावा बंदरातील एक अवाढव्य तरंगता धक्का ओरेगॉनच्या किनाऱ्याला लागला. त्याला चिकटून जपानी किनाऱ्यावरचे शिंपले, खेकडे, शेवाळ जिवंत आले होते! २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशा मलब्यावरून महासागर ओलांडलेल्या प्रजातींची संख्या जवळपास ३०० भरली.

आता खर्चाचा प्रश्न. जपानने २०१२ साली अमेरिकेला ५० लाख आणि कॅनडाला १० लाख डॉलर दिले, ते सद्भावना म्हणून. कोणत्याही कायद्याने त्याला तसे बांधले नव्हते. बुडालेल्या जहाजाचे अवशेष काढण्याची जबाबदारी मालकावर टाकणारा नैरोबी करार २००७ साली झाला, २०१५ पासून तो अमलात आहे आणि भारतही त्यात सहभागी आहे. परंतु तो जहाजांपुरता. लाटेने नेलेल्या छपराला, दाराला, मच्छीमाराच्या जाळ्याला असा मालक कोठून आणायचा? ज्याचे घर गेले, त्याच्याकडून त्या घराच्या लाकडांचा हिशेब मागणे माणुसकीला धरून होणार नाही, हे आम्हांला मान्य आहे. मात्र पलीकडच्या किनाऱ्यावरील कोळ्याने तो भार का उचलावा, याचेही उत्तर कोणी देत नाही.

आपल्या किनाऱ्याला हा अनुभव अधिक कठोर रीतीने आला. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात हीरा तेलक्षेत्राजवळ नांगरलेला पी-३०५ हा तराफा नांगर तुटून भरकटला आणि १७ मे रोजी बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. नौदल आणि तटरक्षक दलाने अनेकांना वाचविले, पण सत्तरांवर जीव गेले. त्यानंतरच्या दिवसांत काही मृतदेह रायगडच्या, तर काही थेट गुजरातेतील वलसाडच्या किनाऱ्यावर लागले. कित्येकांची ओळख डीएनए चाचणीनेच पटवावी लागली. (माणसाच्या देहाचा उल्लेख मलब्याच्या लेखात करताना लेखणी अडखळते; परंतु वारा आणि प्रवाह तो भेद करीत नाहीत.) त्याच वादळात समुद्राने मुंबईचा प्लास्टिक कचरा गेटवेच्या पायऱ्यांवर आणून टाकला. तो कचरा समुद्राचा नव्हता. शहरानेच नाल्यांतून समुद्राला दिलेला होता.

येथे विंचूरचा संबंध येतो. आपल्या शिवारातील पाणी अरबी समुद्राला मिळत नाही. ते गोदावरीच्या खोऱ्यात उतरते, आणि गोदावरी उगमापासून १,४६५ किलोमीटर वाहून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. ४ ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सायखेडा, चांदोरी पाण्याखाली गेले. अशा पुरात मल्चिंगचा कागद, ठिबकच्या नळ्या, ताडपत्र्या, शेततळ्याच्या अस्तराचे तुकडे ओढ्यानाल्यांतून नदीत जातात. सगळेच समुद्रापर्यंत पोहोचते, असे आम्ही म्हणणार नाही. पुष्कळसे नांदूर मध्यमेश्वरला अडते, त्यापुढे जायकवाडीत. पण नांदूर मध्यमेश्वर ही २०२० साली महाराष्ट्रातील पहिली रामसर पाणथळ जागा ठरली. दूरदेशीचे पक्षी तेथे हिवाळ्यात उतरतात, तेव्हा आपला मलबाही तेथेच असतो. दरवाजे उघडले की त्यातील काही पुढे जातेच.

पूर ओसरल्यावर तलाठी येतात, पंचनामा होतो. पीक किती गेले, गोठा पडला काय, हे लिहिले जाते आणि ते लिहिलेच पाहिजे. वाहून गेलेली वस्तू खाली कोणाच्या बांधाला अडकली, हे त्या कागदावर येत नाही. ठिबकच्या जुन्या नळ्यांना भंगारवाला काही पैसे तरी देतो. मातीने माखलेला मल्चिंगचा कागद तो हाती धरीत नाही. म्हणून तो बांधावर जाळला जातो किंवा नाल्याच्या काठी पडून राहतो. या कागदासाठी गावात एक ठरावीक जागा आणि तो पावसाळ्यापूर्वी उचलण्याची व्यवस्था, एवढा विषय १ मेच्या ग्रामसभेत मांडता येण्याजोगा आहे. तो मांडणाऱ्यांत आपले धर्मग्रामस्थ असावेत, अशी आमची विनंती आहे; त्यासाठी मिस्सानंतर दहा मिनिटे बसून यादी केली तरी पुरे.