पव्वा, स्टॅटिन आणि केसपेपर

कोलेस्टेरॉलच्या गोळीवर दारू चालत नाही, ही समजूत इतकी पक्की आहे की बसायचे ठरले की पुष्कळ रुग्ण त्या रात्री गोळीच टाळतात. अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचा परिणाम 20 ते 30 तास टिकतो. एका रात्रीची गोळी टाळून दारू आणि औषध वेगळे होत नाहीत. अशा रात्री वाढत गेल्या की स्टेंट बसवलेल्या माणसाचे संरक्षण मात्र कमी होते. डायसल्फिरामसारखी प्रतिक्रिया स्टॅटिनने येत नाही. प्रश्न दारू किती, एवढाच असतो.

तेच कळत नाही. कौंडण्यपूरला वर्धा नदीच्या अलीकडे अमरावती जिल्हा, पलीकडे 1974 पासून दारूबंदी असलेला वर्धा जिल्हा. अलीकडचा रुग्ण ‘कधीमधी’ म्हणतो, पलीकडचा ‘छे, अजिबात नाही’. केसपेपरवर दोन्ही उत्तरे सारखीच निरुपयोगी. पव्व्यात विचारले की आकडा निघतो. 180 मिलीच्या, 42.8 टक्क्यांच्या पव्व्यात सुमारे 60 ग्रॅम अल्कोहोल असते. हातभट्टीच्या तीव्रतेचा भरवसा नाही; तिथे ग्लास आणि आठवड्यातले दिवस विचारावेत.

पोळ्याच्या करीला पिऊन दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी दिलेले रक्त फसवते. ट्रायग्लिसराइड चढलेले असतात आणि ते 400 च्या वर गेले की गणिताने काढलेल्या एलडीएलला अर्थ उरत नाही. दोन-तीन आठवडे दारू बंद ठेवून तपासणी पुन्हा करावी.

एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असेल तर बोट दारूकडे जाते. पण स्नायूंना इजा झाली तरी एसजीओटीच जास्त वाढते, आणि स्टॅटिन व दारू दोन्ही स्नायूंना त्रास देऊ शकतात. मांड्या दुखणाऱ्या, लघवी गडद होणाऱ्या रुग्णाचे सीपीके पाहिल्याशिवाय यकृताला दोष देऊ नये. जीजीटी स्नायूंतून येत नाही, म्हणून तेही मागवावे. सीपीके दहापटीवर गेले तर स्टॅटिन लगेच थांबवावे.

यकृताची एन्झाइम्स तिपटीवर जाऊन तिथेच राहिली तर मात्रा कमी करावी किंवा औषध बंद करावे. जलोदर, कावीळ झालेल्या सिऱ्होसिसमध्ये ते देऊच नये. नुसत्या फॅटी लिव्हरसाठी स्टॅटिन थांबवण्याची घाई मात्र सर्रास दिसते, आणि ती चुकीची आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर ठरावीक मुदतीच्या यकृत तपासणीची शिफारस 2012 मध्येच काढून टाकली. औषध सुरू करण्यापूर्वी आणि पुढे लक्षणे दिसल्यास तपासणी पुरते.

ट्रायग्लिसराइड 1000 च्या वर असलेल्यांचा हिशेब वेगळा. तिथे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. फेनोफायब्रेट लिहितानाच दारू पूर्ण बंद करायला सांगावे लागते.