नगरचं ऊन आणि विशीतला चेहरा

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतातलं नांबूर हे गाव प्रवरानगर-श्रीरामपूरच्या माणसाला परकं वाटणार नाही. तिथे शंभराहून अधिक वर्षं साखर कारखाना चालला. उसाने भरलेल्या छोट्या आगगाड्या भर बाजारपेठेतून जायच्या. कारखाना २००३ मध्ये बंद पडला. पण त्याआधी या गावाने एका प्रश्नाच्या उत्तरासाठी स्वतःचे हात पुढे केले होते. नगरच्या सावेडीतली कॉलेजची मुलं-मुली आज तोच प्रश्न मोबाइलला विचारतात: रोज चेहऱ्याला काहीबाही लावल्याने माणूस खरोखर तरुण दिसतो का?

१९९२ मध्ये नांबूरच्या रहिवाशांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडले गेले. एका गटाने रोज सकाळी चेहरा, मान आणि हातांना सनस्क्रीन लावायचं, घाम आला की पुन्हा लावायचं. दुसऱ्याने आपल्या मर्जीने, वाटलं तर लावायचं. हे साडेचार वर्षं चाललं. आधी आणि नंतर हाताच्या पाठीचे सिलिकॉनमध्ये ठसे घेतले आणि कोणता ठसा कोणत्या गटातला हे तपासणाऱ्यांना कळू दिलं नाही. पंचावन्न वर्षांखालच्या ९०३ जणांचा निकाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा दुसऱ्या गटापेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झाली होती. याच प्रयोगात काहींना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्याही दिल्या होत्या. त्यांचा त्वचेच्या वयावर काही परिणाम दिसला नाही.

तेव्हा उत्तर ‘हो’ असं आहे. मात्र हे ‘हो’ ज्या वस्तूला लागू पडतं, तिच्यावर आपली मुलं सगळ्यात कमी पैसे घालतात. आणि ज्यांवर घालतात त्यातल्या काही वस्तू त्यांचा चेहरा अकाली खराब करतात. आज मला म्हणायचंय ते एवढंच.

आधी आपल्या उन्हाबद्दल. नगर साधारण १९ अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरवर आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. अकोले तालुक्याचा पश्चिम भाग सोडला, तर पारनेर, कर्जत, जामखेडच्या डोक्यावर ढग पाहुण्यासारखे येतात. अतिनील किरणांचा निर्देशांक तीनवर गेला की त्वचा सांभाळा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि अकरापासून पुढे तो अतितीव्र मानते. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे तो अकराच्या घरात जातो. ऐन हिवाळ्यातल्या दुपारीही तीनच्या बराच वर असतो.

नांबूरचे लोक बहुतांशी गोरे होते, आपण सावळे. त्यामुळे तिथला आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. आपल्या कातडीतलं रंगद्रव्य सुरकुत्या बरीच वर्षं पुढे ढकलतं. आपल्याकडे वय दिसतं ते रंगात: गालावरचा वांग, कपाळावरचा काळपटपणा, फोडलेल्या पुळ्यांचे डाग. वांग तर साध्या दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो, म्हणून त्वचारोगतज्ज्ञ वांग असलेल्यांना आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगीत सनस्क्रीन सुचवतात. म्हणजे विशीतल्या मुलीला सुरकुत्यांची भीती घालून विकलं जाणारं अँटी-एजिंग क्रीम तिच्या चेहऱ्याला अजून न झालेल्या आजारावरचं औषध आहे.

ऊन एकटं काय करू शकतं याचा बोलका पुरावा अमेरिकेतल्या एका डिलिव्हरी ट्रकच्या चालकाचा आहे. त्याने २८ वर्षं गाडी चालवली. तिथे चालक डावीकडे बसतो, म्हणून त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी झाली. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने त्याचा फोटो छापला. एकाच माणसाचे दोन गाल, एकच आहार, एकच आनुवंशिकता. फरक होता खिडकीचा. काचेमुळे त्वचा भाजणारे अतिनील-बी किरण बरेचसे अडतात, पण त्वचा म्हातारी करणारे अतिनील-ए किरण आत येतात. संगमनेर-राहुरीकडून दुधाचे टँकर घेऊन मुंबई-पुण्याला जाणाऱ्या आपल्या चालकांची खिडकी उजवीकडे असते, एवढाच फरक.

आणि ज्यांना खिडकीही नाही? पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचे कोयते निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. कांदा काढणाऱ्या, खुरपणाऱ्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात आणि डोक्याला फडकं गुंडाळतात. बाजारातल्या कुठल्याही बाटलीपेक्षा हा शर्ट उन्हापासून जास्त वाचवतो. तरीही तिशीतली तोडकरी बाई सावलीत नोकरी करणाऱ्या तिच्याच वयाच्या बाईपेक्षा थोराड दिसते, कारण तिच्या खात्यात उन्हाबरोबर अपुरी झोप, रक्त कमी असणं आणि लहान वयातली बाळंतपणंही जमा असतात. चेहऱ्यावरचं वय बऱ्याच अंशी माणूस दिवसाचे किती तास उघड्यावर राबतो यावर ठरतं. हे लक्षात न घेता स्किनकेअर रूटीनची चर्चा करणं म्हणजे सावलीत बसलेल्यांनी सावलीत बसलेल्यांशी बोलणं.

शहरातल्या मुलींनी यावर आपला उपाय केव्हाच शोधला. नगर-मनमाड रस्त्यावर स्कूटीवरून जाणारी मुलगी डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने बांधते. तिला डाकू म्हणून हसून झालं, ती कोणापासून तोंड लपवते याच्या चौकशाही करून झाल्या. प्रत्यक्षात घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती स्कार्फ घामाने वाहून जात नाही, दर दोन तासांनी पुन्हा लावावा लागत नाही आणि धुतला की परत वापरता येतो. पारदर्शक शिफॉनचा मात्र फार उपयोग नाही. तिच्याच वर्गातला मुलगा उघड्या तोंडाने बाइक हाकतो, भर दुपारी मैदानात भरतीची तयारी करतो आणि रात्री चेहरा का काळवंडला म्हणून रील्स पाहतो.

या रील्समध्ये काय असतं? २०२५ मध्ये ‘पीडिॲट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास आला. सात ते अठरा वयाच्या मुलींचे स्किनकेअरचे शंभर टिकटॉक व्हिडिओ संशोधकांनी तपासले. एकेक मुलगी सरासरी सहा वस्तू चेहऱ्याला लावत होती. सरासरी खर्च १६८ डॉलर, म्हणजे आपल्या हिशेबाने चौदा हजार रुपयांच्या आसपास. सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंमधल्या वस्तूंत त्वचेची आग करू शकणारे सरासरी अकरा घटक होते. आणि दिवसाच्या रूटीनमध्ये सनस्क्रीन होतं फक्त २६ टक्के व्हिडिओंत. आपल्याकडे २०२० पासून टिकटॉक बंद असलं तरी हीच पद्धत इन्स्टाग्रामवरून घराघरात पोचली आहे. जे सिद्ध झालंय तेवढंच नेमकं वगळायचं आणि बाकी सगळं लावायचं, अशी ही शिस्त.

बाकीचं सगळंच थोतांड आहे, असंही म्हणता येणार नाही. ट्रेटिनॉइन हे मुळात मुरमांवरचं औषध. उन्हाने खराब झालेली त्वचा त्याने सुधारते हे अमेरिकेतल्या अल्बर्ट क्लिगमन यांनी १९८६ मध्ये दाखवलं आणि ते पुढच्या अभ्यासांत टिकलं. पण त्याला महिनोन् महिने लागतात, सुरुवातीला त्वचा सोलते, उन्हाला हळवी होते, गरोदरपणात ते टाळायचं असतं. आणि ज्यांची त्वचा आधी उन्हाने बिघडली आहे त्यांनाच ते काही परत देतं. नायसिनामाइडने डाग थोडे फिके होतात. साध्या मॉइश्चरायझरने कोरडी त्वचा लगेच नितळ दिसते. तो परिणाम खरा असतो आणि लावणं थांबवलं की जातो. एकोणीस वर्षांच्या चेहऱ्यावर या सगळ्याने वय कमी झालेलं दिसणार नाही, कारण कमी करायला वयच नाही.

त्या वयाचा खरा प्रश्न मुरमांचा आहे. त्यावर ॲडापलीन, बेंझॉइल पेरॉक्साइड अशी परवडणारी आणि तपासलेली औषधं आहेत. वेळेत लावली तर खड्डे पडणं बरंच टळतं, आणि पडलेले खड्डे पुढे पाच आकडी खर्च करूनही पुरते भरत नाहीत. तरी पुष्कळ मुलं आधी टूथपेस्ट लावतात, लिंबू चोळतात. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊन महिनोन् महिने डाग राहू शकतो. दिवाळीचं उटणं वर्षातून चार दिवस लावायला छान. घरगुती आहे म्हणून ते रोज खरवडून लावू नये.

यानंतर मुलं पोचतात मेडिकलच्या काउंटरवर आणि तिथे खरी हानी होते. ‘गोरं व्हायची ट्यूब’ मागितली की पुष्कळदा हातात पडते ती स्टेरॉइड असलेली. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं, सूज उतरवतं, त्यामुळे पंधरा दिवस चेहरा उजळ आणि गुळगुळीत दिसतो. मैत्रिणी विचारतात, काय लावतेस? मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, गालावर लव वाढते, मुरमं उसळतात. ट्यूब थांबवली की आग होते, म्हणून ती पुन्हा लावली जाते. देशातल्या बारा केंद्रांमध्ये झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्यातल्या २९ टक्क्यांनी ते गोरेपणासाठी किंवा रोजचं क्रीम, आफ्टरशेव्ह म्हणून वापरलं होतं आणि निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टरांखेरीज भलत्याच कोणीतरी सुचवलं होतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. नियम झाला. काउंटरवर तो किती पाळला जातो हे प्रत्येक वाचकाला आपल्या गल्लीत पाहता येईल.

त्याहून वाईट प्रकरण आपल्याच राज्यात, अकोला शहरात घडलं. बायोटेक्नॉलॉजी शिकणाऱ्या एका तरुणीने ब्युटिशियनकडून मिळालेलं गोरेपणाचं क्रीम वापरलं. आई आणि बहीणही तेच लावू लागल्या. तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर क्रीममध्ये पारा सापडला. २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी आली. त्याच काळात केरळच्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या २२ रुग्णांची नोंद केली. त्यातले १५ जण एका दुर्मीळ प्रकारात मोडत होते आणि त्या पंधरातल्या १३ जणांनी गोरेपणाचं क्रीम वापरत असल्याचं सांगितलं. पारा त्वचेतला रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. मग तो कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. बिननावाच्या डबीवर तर उत्पादकाचा पत्ताही नसतो. तिच्यावर नियम लागू करणार तरी कोण आणि कसा?

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नगर जिल्ह्यात राहून न बोलणं खोटेपणाचं ठरेल. ती म्हणजे मावा. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेली पुडी गालात ठेवायची आणि वर फेसवॉश कोणता चांगला हे विचारायचं. सुपारीने तोंडाच्या आतलं अस्तर ताठर होतं, तोंड उघडेनासं होतं, खाणं कमी होतं, गाल बसतात. हा आजार कॅन्सरपूर्व मानला जातो. सिगारेटचा परिणाम तर जुळ्यांमध्येच तपासला गेला: २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ७९ जोड्यांच्या अभ्यासात ओढणाऱ्या भावंडाच्या पापण्या जास्त लोंबलेल्या आणि नाकाजवळच्या घड्या जास्त खोल दिसल्या. हे परत भरून देणारं सिरम कोणीही विकत नाही.

मुलं म्हणतील, आम्हाला रूटीनने छान वाटतं, मुलाखतीला जाताना धीर येतो, लग्नाच्या बायोडाटात वर्णाचा रकाना आम्ही घातलेला नाही. खरं आहे. तो रकाना तुमच्या आधीच्या पिढ्यांनी घातला आणि १९७५ पासून गोरेपणाची ट्यूबही त्यांनीच घराघरात आणली. २०२० मध्ये त्या ट्यूबच्या नावातून गोरेपणा गेला, रकाना तसाच राहिला. तो आधी खोडा, मग मुलांना उपदेश करा, असं मी पालकांना सांगेन.

मुलांसाठी माझा निवाडा असा: सौम्य साबण किंवा फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, आणि सनस्क्रीन किंवा स्कार्फ. सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीएवढं घ्या. म्हणजे पन्नास ग्रॅमची ट्यूब दोन महिन्यांच्या आत संपायला हवी. ती या दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत पुरत असेल तर तुम्ही सनस्क्रीन लावत नाही. मुरमं किंवा वांग असेल तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. आणि चेहऱ्याची कोणतीही ट्यूब घेताना वेष्टन पाहा: त्यावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते घेऊ नका. आणि मेडिकलवाल्यांनो, तुम्ही ते विकू नका.